चौथ्या आणि पाचव्या चौकटीच्या मध्ये

लेवार्डनचं पुनर्वसन केंद्र, तिसरा मजला.
खिडकीखाली कालवा, अजून गोठलेला नाही,
गोठावं की नाही अशा विचारात पडलेला.
टेबलावर माझी प्रश्नावली:
नऊ विधानं, प्रत्येकासमोर सहा चौकटी,
‘अजिबात नाही’पासून ‘अगदी तसंच’पर्यंत.

समोर गेरब्रिख वीर्स्मा. वय सदुसष्ट.
एकतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं,
आणि गेल्या सप्टेंबरात एका सकाळी
डावी बाजू न सांगता निघून गेली.
आता परत येतेय, पाहुण्यासारखी, दाराशी थांबत थांबत.

पेन तिनं डाव्याच हातात घेतलं.
ती डावखुरी. हे मी आधी विचारायला हवं होतं.
“उजव्या हातानं केलंत तरी चालेल.”
“उजव्याला माझ्याबद्दल काय माहीत?”

पहिलं विधान. चालताना माझं लक्ष पावलांकडे असतं.
ती हसली. अर्धं तोंड आधी, अर्धं जरा मागून.
“लक्ष? अगं, मुकादम झालेय मी या पायाची.
टाच उचल, म्हणते. गुडघा दुमड. आता टेक.
ऐकतो तो. पण नव्या गड्यासारखा,
दरवेळी माझ्या तोंडाकडे बघून.
पूर्वी हे सगळं कोण करायचं कोण जाणे.
त्याला मी कधी पगार दिला नाही.”

याला चौकट नव्हती.
मी समासात लिहिलं: पगार.

जितके गुण जास्त, तितका पहारा जास्त,
आणि जितका पहारा जास्त, तितका पाय
अडखळतो, असा आमचा अंदाज आहे.
सिद्ध व्हायचाय. तिला सांगायचा नाही,
उत्तरं बिघडतात.

चौथं विधान. लोक माझी चाल बघतात असं वाटतं.
“लोक नाही गं. येल्मर बेकरीवाल्याची काच.
ती चुकवायला मी रस्ता ओलांडते.
रस्ता ओलांडायला अकरा हुकूम लागतात.
काच एकच आहे.”

मग ती आपणहून बोलत राहिली, मला थांबवता आलं नाही.
चौदा नंबरचा काळा कुत्रा.
हिवाळ्यात न उघडणारी, ठोसा मागणारी एक पत्रपेटी.
बर्फावरून सायकल, एका हातात मिठाईचा पुडा,
आणि डोक्यात भलताच विचार, भांडणाचा, बहिणीशी.
“पायऱ्या किती चढले असेन? एकही आठवत नाही.
या चार महिन्यांतल्या मात्र सगळ्या आठवतात.”

जे अंगवळणी होतं ते अंगातून उतरवून
कोणीतरी तिच्या हातात दिलं होतं,
सुट्ट्या भागांची पिशवी,
जोडणीचा कागद नसलेली.

सातव्या विधानाशी पेन घसरलं.
फुली पडली चौथ्या आणि पाचव्या चौकटीच्या मध्ये,
एक पाय इकडे, एक तिकडे.
“कोणती धरू?” मी विचारलं.
तिनं फुलीकडे पाहिलं, मग हाताकडे, मग बराच वेळ माझ्याकडे.
“तुला काय मोजायचंय?
मला काय वाटतं ते, की हात कुठे गेला ते?”

मी उत्तर दिलं नाही. खाली एक होडी गेली,
पाण्यावरची पातळ साय मोडत.

संध्याकाळी संगणकानं साडेचार घ्यायला नकार दिला.
पूर्ण आकडा भरा, म्हणाला.
दिवे मालवले, कोट चढवला.

जिना तर रोजचा, पायाखालचा.
पण आज पहिल्या पायरीशी मनात आलं,
कुठला पाय मी आधी टाकते?
आणि तिथेच उभी राहिले, कठडा धरून.
खालून रात्रपाळीचा ओबे वर येत होता, जेवणाचा डबा हलवत,
शीळ घालत, एकाही पायरीकडे न बघता.
“काही हरवलं का?”
“नाही,” म्हटलं.
आणि तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत
खाली उतरले नाही.

सातवा रकाना अजून रिकामा आहे.